अक्रोडाचा दस्ता

विनू, रविवारी मराठी मंडळाने तुझ्यासाठी शोकसभा ठेवली आहे. हॉल तोच, जिथे आपण दर वर्षी कोजागिरीचं दूध आटवायचो. अध्यक्षांचा मेल आला आहे, वहिनींनी दोन शब्द बोलावेत, दादांच्या ट्रेकिंगच्या आवडीबद्दल तर जरूर बोलावं. मेल वाचला, लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला गेले. घासायला भांडी तरी कुठे होती, एक कप आणि एक ताटली. तीच परत परत घासत राहिले.

ट्रेकिंग हा शब्द माझा. तू जन्मात कधी ट्रेकिंग केलं नाहीस. सिंहगडसुद्धा तू वर पिठलं-भाकरी मिळते म्हणून चढायचास, आणि उतरताना गुडघ्याच्या नावाने बोंब मारायचास. तू शिकार करायचास. हे वाक्य मी मराठीत आज पहिल्यांदा लिहितेय. माझा नवरा शिकार करायचा, हरणं आणि रानडुकरं मारायचा, आणि ज्या रायफलने मारायचा तिचा दस्ता त्याने स्वतःच्या हाताने घडवला होता. लिहिलं. आभाळ काही कोसळलं नाही. कोसळायचं ते आधीच कोसळून गेलंय.

तुझ्याशी बोलतेय, पण रविवारी हे वाचून दाखवायचं आहे, तेव्हा नव्या लोकांना कळावं म्हणून थोडं मागचंही सांगते. तुला पाठ आहे, तरी ऐक. तसाही तू माझं बोलणं मध्येच तोडायचास, आता ती सोय राहिली नाही.

चिंचवडच्या टूलरूममधून उचलून कंपनीने तुला जपानात, नागोयात आणलं तेव्हा इथे मराठी म्हणजे आपण दोघं आणि विद्यापीठातलं एक जोडपं. ते जोडपंही लवकरच परत गेलं. मग मराठी बोलायला मला तू आणि तुला मी. त्यात तू कमी बोलणारा. ओकामोतो-सान तुझ्या खात्यातले फोरमन. नवीन माणसाला एकदा घरी जेवायला न्यावं म्हणून ते तुला घ्यायला आले आणि घेऊन गेले ते थेट मिकावाच्या डोंगरात, त्यांच्या गावी. तिथे हरणं आणि डुकरं भातशेती फस्त करतात आणि हिवाळ्यात गावातली माणसं गट करून त्यांच्यामागे जातात. तू परत आलास तो डोळे लकाकत. मला वाटलं याने काय वाघ मारला. पण तुला शिकारीचं फारसं काही नव्हतंच. तू रात्री जेवताना बोललास ते ओकामोतो-सानच्या रायफलबद्दल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली पायदळाची रायफल ती, इथेच नागोयात बनलेली. लढाई संपल्यावर अशा काही रायफली शिकाऱ्यांकडे गेल्या, त्यातली एक ओकामोतो-सानकडे लग्नाच्याही आधीपासून होती. कुणीतरी तिची नळी बदलून दिली होती, पुढचं लांबलचक लाकूड करवतीने उडवलं होतं आणि म्हणे झाली शिकारीची रायफल. तुला ते बघवेना. दस्ता दोन तुकडे जोडून केलेला, लाकडाची टंचाई होती म्हणून. काडतूस भरायला ओढतात त्या बोल्टची मूठ काटकोनात बाहेर आलेली, दुर्बीण बसवली असती तर प्रत्येक वेळी आपटली असती. "यंत्र काय आहे गं आतलं," तू म्हणायचास, "आणि कपडे बघ कसले घातलेत."

या देशात रायफल हाताशी यायची तर आधी दहा वर्षं साधी छऱ्याची बंदूक बाळगून, एकदाही न चुकता वागून दाखवावं लागतं. तू दाखवलंस. पोलीस घरी यायचे, कपाटाची कुलपं बघायचे. एकदा एक तरुण पोलीस मला एकटीला बाजूला घेऊन अगदी सावकाश जपानीत विचारायला लागला, नवरा चिडतो का, पितो का, हात उचलतो का. मी म्हटलं, भारत हरला की चिडतो. त्याला क्रिकेट समजेना आणि मला ते जपानीत समजावता येईना, शेवटी मी बेसबॉल म्हटलं तेव्हा कुठे तो हसला. तू आतल्या खोलीत तोंडात उशी कोंबून हसत होतास.

तोपर्यंत ओकामोतो-सानची नजर अधू झाली होती. मुलगा तोक्योला, त्याला यातलं काही नको. त्यांनी आपली रायफल तुझ्या नावावर करून दिली. त्या दिवशी ते आपल्या घरी आले होते आणि मी केलेला शिरा त्यांनी तीन वेळा घेतला, कारण मी तीन वेळा आग्रह केला. नंतर तू मला सांगितलंस की त्यांना गोड चालत नाही. बाईमाणूस वाढतंय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून खाल्ला बिचाऱ्यांनी.

मग तो हिवाळा. विनू, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला हिवाळा होता, आणि मी हे तुला कधीही सांगितलं नाही.

लोखंडाचं काम तू स्वतः करायचं नाही असा कायदा, ते बंदूकवाल्याने केलं. मूठ तापवून खाली वाकवली, दुर्बिणीसाठी वर भोकं पाडली. लाकूड मात्र तुझं. अक्रोडाचा तो ओंडका तू घरी आणलास तेव्हा मी म्हटलं, एवढ्या मोठ्या अक्रोडाचं आतलं खाणार कोण. तू माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन कोपरापासून बोटापर्यंत हात मोजत बसलास. इथले दस्ते तुला सगळे आखूड, तू पडलास ताडमाड. दर शनिवारी बंदूकवाल्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तू लाकडात लोखंडाची जागा कोरायचास. लोखंडाला काजळी लावायची, लाकडात दाबायचं, उचलायचं, जिथे काळं उमटेल तिथे तेवढंच तासायचं. परत काजळी, परत दाबायचं. दुकानात काजळीची बाटली मिळायची पण तुला ती जाड वाटायची. तू मला विचारलंस, तुझी आई काजळ कशी धरायची. मी निरांजनात तुपाची वात लावली, वर चांदीची वाटी उपडी धरली आणि तुला काजळ धरून दिलं. आपल्याला मूल नाही. माझ्या हातचं काजळ लागलं ते त्या रायफलला. तू ती काजळाची डबी हातात धरून जरा वेळ उभा राहिलास.

लाकूड घासून झाल्यावर तेल. जवसाचं तेल तळहातावर घ्यायचं आणि लाकडावर हात गरम होईपर्यंत चोळायचं. मग वाळू द्यायचं, परत चोळायचं. तुझे हात खरखरीत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी बातम्या लावून मी मांडीवर दस्ता घेऊन बसायचे. कुठे खड्डा पडला तर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची, की लाकूड फुगून वर येतं, हेही मी शिकले. अक्रोडातल्या रेषा रोज जराशा जास्त दिसायला लागायच्या. तू येता-जाता वाकून बघायचास आणि म्हणायचास, "पार्लर उघड तू."

आपलं भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून, त्या घासलेल्या खुणेवरून. रायफलच्या वर, नळी जिथे बसते तिथे, जपानच्या सम्राटाचं शेवंतीच्या फुलाचं राजचिन्ह कोरलेलं होतं, आणि लढाई हरल्यावर ते कुणीतरी कानशीने घासून टाकलं होतं. वेडंवाकडं, घाईघाईने. बंदूकवाला म्हणाला, गुळगुळीत करून देतो. मी म्हटलं घ्या करून, एवढं देखणं लाकूड आणि वर तो ओरखडा कशाला. तू नाही म्हणालास. तुझं म्हणणं, त्या वेळी कुणाला तरी लाज वाटली म्हणून त्याने ते घासलं, आता ही रायफल त्या लाजेसकटच आपली. मी म्हटलं, लाज काय मिरवायची गोष्ट आहे? तू म्हणालास, मिरवायची नाही, पण पॉलिशही मारायची नाही. आपण दोन दिवस अबोला धरला. त्यावर नंतर कधी धड बोलणं झालंच नाही. तुझं बरोबर होतं विनू. पण तेव्हा मला ओरखडाच दिसत होता.

माझ्या माहेरी अंडंसुद्धा मागच्या पडवीत वेगळ्या स्टोव्हवर उकडायचे. पण नागोयात कोण बघतंय? मी डुकराचं मटण काळ्या मसाल्यात शिजवायला शिकले. ओकामोतो-सानचा सगळा गट आपल्याकडे जेवायला बसला आणि घाम पुसत पुसत, नाकं शिंकरत जेवला. तेव्हा मला कशाचीच लाज वाटत नव्हती.

त्याच्या पुढच्याच वर्षी सॉफ्टवेअरवाले यायला लागले. आधी एक, मग चार, मग बघता बघता स्टेशनवरच्या कोन्बिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, मराठी ऐकू यायला लागलं. पुण्या-मुंबईची कोवळी जोडपी, कडेवर पोरं, कुठला कचरा कुठल्या पिशवीत घालायचा हेही माहीत नाही. सगळी आपल्या दारात. मी त्यांना कचरा शिकवला, डॉक्टर शोधून दिले, बाळंतपणं केली. मंडळ निघालं, गणपती आपल्याच घरी बसायला लागला. मी वहिनी झाले, पोरांची मामी झाले. इतकी वर्षं कुणी मला नात्याने हाक मारली नव्हती रे. आणि वहिनीच्या घरात डुकराचं मटण कसं चालेल?

मी हळूहळू सगळं बदललं. कुणी मला सांगितलं नव्हतं, माझं मीच. काळा मसाला भाजीपुरता राहिला. मांस घरात आणायचं नाही, तिकडेच खाऊन यायचं. कपडे बाहेर गाडीच्या शेडमध्ये बदलायचे. लोकांसमोर मी तुला "अहो" म्हणायला लागले. गणपतीत बंदुकीच्या कपाटावर माझी पैठणी टाकून त्यावर मोदकपात्र ठेवायचे, आणि कुणी विचारलं की दादा कुठे, तर ट्रेकिंगला.

तू एकदा मला विचारलंस, "मंडळात सांगून टाकू का गं? मला लपवायला आवडत नाही." मी म्हटलं नको. तू बरं म्हणालास आणि परत कधी तो विषय काढला नाहीस. मी मनात वाट बघत होते की तू परत विचारशील. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पण तू इतकी वर्षं इथे राहून इथलाच झाला होतास. एकदा नको म्हणजे नको.

आणि ती संक्रांत. हळदीकुंकवाला बायकांनी घर भरलं होतं आणि तू डोंगरातून लवकर परत आलास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुला बघितलं, पँटच्या पायाला रक्ताचे डाग. खिडकी जराशी उघडून मी तुला दबक्या आवाजात सांगितलं, आत येऊ नकोस, सगळ्या जाईपर्यंत शेडमध्येच थांब. जानेवारीची थंडी. तू थांबलास. मी आत वाण वाटत होते, तिळगूळ घ्या गोड बोला म्हणत होते, आणि माझा नवरा बाहेर गाडीजवळ उभा राहून हातावर फुंकर मारत होता. नंतर आत आलास तेव्हा ओठ निळे पडले होते. चिडला नाहीस. म्हणालास, हळदीकुंकवाला पुरुष चालत नाहीत हे माहीत होतं, शेडमध्येसुद्धा चालत नाहीत हे आज कळलं. मी हसले. मी चक्क हसले विनू. आज आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

आता ते सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

तू गेल्यावर घर मंडळाने भरलं होतं. मानसीने सगळं हातात घेतलं, डबे, फोन, भारतातून येणाऱ्यांची तिकिटं. मानसी म्हणजे मंडळातली माझी सगळ्यात लाडकी, तिची दोन्ही पोरं माझ्या मांडीवर वाढली. तिच्या सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या, त्या तुझ्या फोटोसमोर गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत होत्या. आणि दार वाजलं. ओकामोतो-सान आणि त्यांच्या गटातले दोघं, काळ्या सुटात. आत येऊन गुडघ्यावर बसले, उदबत्ती लावली, तुझ्याकडे बघत राहिले. मग ओकामोतो-सान माझ्याकडे वळून अगदी हळू, अगदी नम्रपणे बोलले. विनायक-साननी जी वस्तू मागे ठेवली आहे ती तुमची परवानगी असेल तर आमच्यातला कातो पुढे चालवेल. कातो मागे मान खाली घालून बसला होता.

सासूबाई म्हणायच्या थांबल्या. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मानसीने विचारलं, "काय म्हणतायत वहिनी?"

मी म्हटलं, ट्रेकिंगचे मित्र आहेत, यांच्या सामानाचं विचारतायत.

आणि ओकामोतो-सानकडे वळून मी जपानीत म्हणाले, "नको. तिची विल्हेवाट लावा."

ते क्षणभर तुझ्या फोटोकडे बघत राहिले. मग जमिनीला कपाळ टेकेल इतके वाकले आणि म्हणाले, जशी आपली इच्छा.

तुझ्या शपथेवर सांगते, मला ती नष्ट करायची नव्हती. मला त्या क्षणी ती माणसं फक्त घराबाहेर जायला हवी होती. मनात म्हटलं, परत येतील, परत विचारतील, तेव्हा घरात कुणी नसेल, तेव्हा नीट हो म्हणू. आपल्याकडे साधा भात वाढतानासुद्धा एकदा नको म्हटल्यावर वाढणारा पुढे सरकत नाही. नको म्हणजे अजून विचारा, असं ऐकत मी लहानाची मोठी झाले. दुसऱ्या दिवशी बंदूकवाला आला, कपाट उघडून त्याने ती नेली, कागदावर माझा शिक्का घेतला. तेव्हाही मला वाटलं, दुकानात राहील पडून, काय घाई आहे. खरं सांगायचं तर कपाट रिकामं झालं याचं मला बरंच वाटलं. तेराव्याला बायका त्या खोलीत बसणार होत्या.

तेरावं झालं, माणसं पांगली. मी वाट बघत होते. फोन नाही, कुणी आलं नाही. शेवटी मीच ओकामोतो-सानना फोन केला, म्हटलं त्या वस्तूबद्दल बोलायचं होतं, या ना घरी. ते म्हणाले, मीही येणारच होतो, उशीर झाला, क्षमा करा.

आले ते एकटेच. हातात कापडात बांधलेलं काहीतरी लांब आणि थर्मोकोलचा एक डबा. कापड सोडलं आणि आत तुझा दस्ता, नुसतं लाकूड. लोखंड यंत्राखाली कापून झालं होतं. ती घासलेली खूणही त्यातच गेली. कापताना शेवटपर्यंत तिथे उभे होते, असं त्यांनी सांगितलं, लाकडाला कायदा लागत नाही म्हणून तेवढं मागून आणलं. आपल्या तरुणपणीची रायफल त्या म्हाताऱ्याने स्वतः समोर उभं राहून कापू दिली रे, मी सांगितलं म्हणून.

कसंबसं म्हटलं, मला वाटलं होतं तुम्ही परत विचाराल.

त्यांना आधी कळलंच नाही मी काय म्हणतेय. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आलं. त्यांनी सोडलेल्या कापडाची घडी घातली.

"ज्या बाईचा नवरा गेलाय," ते म्हणाले, "तिला एकच गोष्ट दोनदा विचारायची नसते."

मी त्यांच्यासमोर रडले नाही. त्यांना अजून वाईट वाटलं असतं. मी आत जाऊन चहा केला, आणि चहात साखर घालताना लक्षात आलं की यांना गोड चालत नाही, ओतून दिला, परत केला.

डबा देऊन ते गेले. थंडीचा मोसम नुकताच सुरू झाला आहे, पहिलं हरीण मिळालं होतं. त्यांच्या गटात वाटे सारखे पडतात, ज्याने मारलं त्याला, ज्याने हाकललं त्याला, आणि जो आला नाही त्यालाही. डब्यात तुझा वाटा होता.

डबा ओट्यावर ठेवून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग उठले आणि काळा मसाला काढला. जाड बुडाचं तेच पातेलं, ज्यात मी गणपतीचं पुरण शिजवते. दुसरं घेणार होते, नाही घेतलं. कांदा-खोबरं भाजलं, खिडक्या बंद केल्या नाहीत.

रस्सा उकळत होता आणि मानसी आली. सभेत कोण कधी बोलणार ते ठरवायला आली होती. दारातच चपला काढता काढता थांबली. मी तिला काही बोलू दिलं नाही. म्हटलं, मानसी, हे हरणाचं मटण आहे. विनू ट्रेकिंगला जात नव्हता, शिकारीला जायचा. त्या दिवशी ती माणसं सामानाचं नव्हती विचारत, त्याची रायफल मागत होती, आणि मी ती कापायला लावली, तुम्ही सगळ्या बसला होतात म्हणून. एका दमात सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही, पातेल्यात पळी फिरवत होते.

तिने दुसरी चप्पल काढली. आत आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. आणि मग तिने सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

त्या संक्रांतीला ती सगळ्यांत शेवटी निघाली होती. गाडीकडे जाताना तिला तू शेडमध्ये उभा दिसलास, पायाला रक्त, हात काखेत दाबलेले. ती घाबरून काही बोलणार, तेवढ्यात तू तोंडावर बोट ठेवलंस. दुसऱ्या दिवशी तू तिच्या नवऱ्याला ऑफिसात फोन करून सगळं सांगितलंस, आणि म्हणालास, तुमच्या वहिनीसमोर विषय काढू नका, तिला अवघडल्यासारखं होतं. पुढच्या हिवाळ्यात तू त्यांच्याकडे मांसाचा डबा पोचवलास. तिच्या नवऱ्याने तो दोन-तीन घरांत वाटला. हळूहळू सगळ्यांनाच कळलं.

"आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, वहिनी. तुम्हाला त्रास नको म्हणून कुणी बोललं नाही."

आणि मग खाली बघून तिने हेही सांगितलं की त्या दिवशी ओकामोतो-सान जपानीत काय विचारत होते ते तिला समजलं होतं, मी काय उत्तर दिलं तेही, मला विचारलं ते नुसतं सासूबाईंसाठी. तिलाही वाटलं होतं मध्ये पडावं. पण वहिनींनी नको म्हटलंय, तर त्यांची इच्छा.

म्हणजे बघ विनू. मंडळाला ठाऊक होतं. ओकामोतो-सानना रायफल हवी होती. तू असतास तर ती कातोलाच दिली असतीस, आणि मलाही तेच हवं होतं. आणि सगळ्यांनी माझी लाज इतकी जपली, इतकी जपली, की ती रायफल कापली गेली. सगळ्यात जास्त तू जपलीस. मी तुला थंडीत बाहेर उभं केलं आणि तू तिथे उभा राहूनही माझीच अब्रू राखत होतास. कुणाकडे तरी माझी तक्रार तरी करायचीस. एकदा तरी दार उघडून रक्ताळल्या पँटने आत यायचंस, सगळ्यांसमोर. मी भांडले असते, आठवडाभर बोलले नसते, पण रायफल वाचली असती.

तुझ्यावर चिडलेय मी. आणि तुझ्यासारखा माणूस मला मिळाला याचं काय करू तेही कळत नाही. दोन्ही खरं आहे.

मानसी जेवून गेली. तिने दोनदा घेतलं. मीही जेवले, तुझ्या वाट्यातलं. मीठ जरा जास्त झालं होतं, तू असतास तर बोलून दाखवलं असतंस.

दस्ता आता घरी बाहेरच्या खोलीत तुझ्या फोटोखाली उभा आहे. प्रवासात कुठेतरी आपटून त्याला, नेम धरताना गाल टेकतो त्या जागी, एक खड्डा पडला होता. काल मी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, बराचसा वर आला. पूर्ण नाही आला, तेवढा राहू दिला. मग तेलाची बाटली शोधली. तुझ्या ड्रॉवरमध्ये होती, वर जाड साय धरलेली, खाली अजून चांगलं होतं. बातम्या लावल्या आणि मांडीवर घेऊन बसले.

रविवारी तो बरोबर घेऊन येणार आहे. टेबलावर ठेवीन, फुलं बाजूला सारून. कुणी विचारलं हे काय, तर सांगेन माझ्या नवऱ्याच्या रायफलचा दस्ता, लाकूड त्याने घडवलं, तेल मी लावलं. आणि रायफल कुठे म्हणून विचारलं, तर तेही सांगेन.